नीलला बघायला काय आहे हो?

वाचकांचे प्रश्न : सुट्टी आणि भटकंती

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहिली होती की डिसेंबरात अंदमानला गेले होते आणि त्यातले सहा दिवस नुसते नील बेटावर काढले. झालं, त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेल आले की संपादक म्हणाले, या वेळी बाकीचं सगळं बाजूला ठेव, बेटच घे. निम्म्या लोकांना जायचंय आणि निम्म्यांना मला वेड लागलंय का ते विचारायचंय. दोघांनाही उत्तर देते. प्रश्न जरा कापून छोटे केलेत, राग मानू नका.

प्रश्न : आम्ही चौघं जानेवारीत अंदमानला चाललोय. पॅकेजमध्ये पोर्ट ब्लेअर तीन रात्री, हॅवलॉक दोन रात्री आणि नील जाता जाता तीन तास असं आहे. नीलला एक रात्र वाढवून द्या म्हटलं तर टूरवाला म्हणाला, मॅडम तिथे बघायला काहीच नाही. खरं आहे का? (एक वाचिका, नाशिक)

खरं आहे. अगदी खरं बोलला तो. आता बघायला काही नाही म्हणूनच तर राहायचं असतं हे त्याला कोण सांगणार, त्याचा धंदाच बघण्यावर चालतो.

आधी नील केवढं आहे ते सांगते म्हणजे अंदाज येईल. साधारण 14 चौरस किलोमीटर, म्हणजे आपली दोन माथेरानं शेजारी शेजारी ठेवली की झालं. 2011 च्या जनगणनेत वस्ती तीन हजाराच्या आसपास. जेट्टीवरून बाहेर आलं की समोर रस्ता, रस्त्यावर बाजार, आणि बाजार म्हणजे चहाच्या टपऱ्या, भाजीवाले, शहाळी, मोबाईल रिचार्ज, एखादं औषधाचं दुकान, संपला. भाड्याने स्कूटी घेतली की या टोकाच्या सीतापूरपासून त्या टोकाच्या लक्ष्मणपूरपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं, ती पण मध्ये गाय बसलेली असली तर. एका दुपारी सगळं बेट "होतं".

मी पण पहिल्या दिवशी तेच केलं. सकाळच्या बोटीने उतरले, स्कूटी घेतली, भरतपूर झालं, लक्ष्मणपूर झालं, सीतापूर झालं, चार वाजता रूमवर येऊन बसले आणि पोटात गोळाच आला की आता उरलेले चार दिवस करायचं काय? नवऱ्याने तर मोबाईल काढून परतीची बोट आधीची मिळते का ते बघायला सुरुवात पण केली होती (नेट आलं नाही म्हणून वाचलो).

तर हा जो गोळा आहे ना, तो एकदा येऊन जाऊ द्यावा लागतो. मोठ्या ठिकाणी तो येतच नाही, कारण तिथे कायम काहीतरी राहिलेलं असतं, हे मंदिर राहिलं, तो पॉइंट राहिला, अमक्याकडची मिसळ राहिली, आपण सुट्टीवर पण यादी घेऊन हिंडतो आणि घरी आल्यावर काय बघितलं त्यापेक्षा काय राहिलं तेच जास्त सांगतो. इथे पहिल्याच दिवशी यादी संपते. चारी बाजूंना पाणी, दुपारची शेवटची बोट गेली की आता कुणी येणार नाही आणि तुम्हीही कुठे जाणार नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच भरतपूरला परत गेले तर ते भरतपूर वेगळंच होतं, आदल्या दिवशी जिथे गळ्याएवढ्या पाण्यात डुंबलो तिथे आता घोट्याएवढं पाणी आणि लांबवर उघडे पडलेले खडक, आणि पाण्याचा रंग किनाऱ्याजवळ काचेसारखा, मग पोपटी, मग एकदम पेनातल्या शाईचा. तिसऱ्या दिवशी चहावाला न विचारता बिनसाखरेचा द्यायला लागला. चौथ्या दिवशी सीतापूरच्या वाटेवर केळीच्या बागेजवळ मी स्कूटी थांबवून अर्धा तास नुसती उभी होते, एक माणूस तळ्यात जाळं टाकत होता ते बघत, आणि आपण वेळ घालवतोय असं एकदाही वाटलं नाही. पुण्यात सिग्नलला नव्वद सेकंद निघत नाहीत माझ्याने.

तीन तासांच्या नीलमध्ये यातलं काहीच मिळत नाही. त्यात बॅगा जेट्टीजवळ कुणाच्या तरी भरवशावर ठेवायच्या, भरतपूरला काचेच्या तळाच्या बोटीतून एक चक्कर, घाईघाईने शहाळं, आणि पळा. टूरवाल्याला सांगा, हॅवलॉकची एक रात्र कमी झाली तरी चालेल पण नीलला किमान दोन द्या. ऐकत नसेल तर टूरवाला बदला.

प्रश्न : नीलचा तो नैसर्गिक पूल बघायला गेलो होतो, गाईडने गुडघाभर पाण्यातून नेलं, मुलगी घसरून पडली, खडकांनी पाय सोलवटला, आणि पूल लांबूनच बघून परत आलो. फोटोत तर लोक त्याच्या खाली उभे असतात. आमचं काय चुकलं? (एक वाचक, कोल्हापूर)

तुमचं चुकलं नाही, वेळ चुकली. बेटावर घड्याळ समुद्राचं चालतं हे कुणी आधी सांगतच नाही.

तो पूल लक्ष्मणपूर नंबर दोनच्या किनाऱ्यावर आहे. लाटांनी खडक खालून खात खात कमान तयार झाली, तिथे वसलेल्या बंगाली लोकांनी तिला कौतुकाने हावडा ब्रिज नाव देऊन टाकलं. तिथपर्यंतची वाट सगळी मेलेल्या प्रवाळाची, म्हणजे टोकेरी आणि शेवाळलेली, आणि ती फक्त ओहोटीला उघडी पडते. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघायचं नि पाणी परत वळायच्या आत यायचं, एवढंच गणित. पण गाडीवाल्याला दिवसात चार ट्रिपा मारायच्या असतात म्हणून तो "हो जायेगा सर" म्हणतो.

माझे आजोबा रत्नागिरीकडचे, ते कॅलेंडर बघून भरती सांगायचे. तिथीला पाऊणने गुणायचं, चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनला पूर्ण भरती. कोकणपट्टीत हे बरोबर बसतं. अंदमानला घड्याळाची वेळ तशी जुळत नाही, किनारा बदलला की हिशोब बदलतो, पण रोज भरती-ओहोटी साधारण पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे सरकते ते तिथेही तसंच. म्हणजे आज ओहोटी दुपारी दोनला असेल तर उद्या तीनच्या जरा आधी. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा पाणी जितकं वर चढतं तितकंच आत जातं, पूल बघायला तेच दिवस चांगले. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा पाणी ना धड वर ना धड खाली. तुम्ही गेलात तो दिवस कॅलेंडरवर बघा जरा, माझी पैज आहे.

होमस्टेवाल्याकडे भरती-ओहोटीचा तक्ता असतो, किंवा तो फोनवर काढून देतो, पहिल्या संध्याकाळीच विचारून ठेवायचं आणि बाकीचा दिवस त्याच्याभोवती लावायचा. पायात मागे पट्टा असलेले सॅंडल घाला, स्लिपर अजिबात नाही.

आणि खरं म्हणजे पुलापेक्षा तिथली डबकी बघायची. पाणी गेल्यावर खडकांच्या खळग्यांत जे पाणी मागे राहतं ना, त्यात सगळं असतं. आमच्यासोबतचा पोरगा, विशीतला असेल, एका वावभर डबक्याशी उकिडवा बसला नि म्हणाला, हाथ मत डालना, बस देखो. पहिले दोन मिनिटं मला नुसते दगड दिसले. मग त्यातला एक दगड हलला, ती समुद्रकाकडी, काळी, मेणकापडासारखी. मग एका फटीत निळ्या मखमलीचे ओठ दिसले, ती जिवंत शिंपली, आमची सावली पडली तशी मिटली. मग केसाएवढे पट्टेरी मासे, मग एक कोळंबी जिच्या आरपार दिसत होतं. आम्ही त्या एका डबक्यापाशी पाऊण तास होतो. पूल बघायला आलेले तीन ग्रुप येऊन, फोटो काढून, गेले पण.

प्रश्न : मे महिन्यात मुलांना सुट्टी असते तेव्हा गेलं तर? (एक वाचिका, ठाणे)

मेच्या पहिल्या पंधरवड्यात जमून जाईल, घामाची तयारी ठेवा. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नैऋत्य मोसमी पाऊस तिथे आपल्या आधी पोचतो, समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात. आणि आपल्याकडचा पाऊस गेला की तिथला गेला असं समजू नका, ईशान्येकडचा परतीचा पाऊस नोव्हेंबरातही भिजवतो. जानेवारी ते मार्च उत्तम. शाळा बुडवा आठवडाभर, काही बिघडत नाही, मास्तरीणबाईंना माझं नाव सांगू नका फक्त.

एक गोष्ट मात्र कुठल्याही महिन्यात लक्षात ठेवा. अंदमान इतकं पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपल्याच वेळेवर, त्यामुळे सूर्य सगळा लवकर चालतो. मे मध्ये पहाटे पाचलाच उजाडलेलं असतं. आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो, हो, पाच. मी जुहू-अलिबागच्या हिशोबाने साडेपाचला निवांत आवरून लक्ष्मणपूरला सूर्यास्त बघायला गेले, तर समोरून सगळी जनता टॉर्च लावून परत येतेय. पार्किंगचा पोरगा म्हणाला, मॅडम कल आना. दुसऱ्या दिवशी साडेतीनलाच जाऊन बसले.

प्रश्न : आई 71 वर्षांची आहे, सावरकरांची कोठडी बघायची तिची कधीपासूनची इच्छा आहे. त्यासाठी अंदमानला नेतोच आहोत तर बेटावर पण न्यावं का? तिला गाडी लागते. (एक वाचक, पुणे)

न्या की! पण क्रम नीट लावा. सेल्युलर जेल पोर्ट ब्लेअरलाच आहे (2024 पासून शहराचं नाव श्री विजयपुरम आहे, पण रिक्षावाल्यापासून सगळे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात), ते पहिल्या दिवशी करून टाका म्हणजे आईचं मन शांत. जेल 1906 मध्ये बांधून पुरं झालं तेव्हा मध्ये मनोरा आणि त्याला सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती होत्या, आता तीनच उरल्यात. सावरकर 1911 ते 1921 तिथे होते, त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आहे, जिने चढावे लागतात, लिफ्ट नाही, त्यामुळे सकाळी उघडल्या उघडल्या जा आणि सावकाश चढवा. तिथे गेल्यावर मराठी माणूस ओळखू येतो, चपला बाहेर काढून आत जातो आणि कोठडीत कुणी बोलत नाही. माझ्यापुढे साताऱ्याकडच्या एक आजी होत्या, त्यांनी पिशवीतून चाफ्याची दोन फुलं काढून ठेवली, घरून आणली होती की तिथेच घेतली ते विचारायचं राहून गेलं.

आता बोट. गाडी लागते त्यांना बोट लागतेच असं नाही, पण लागते बऱ्याच जणांना. खाजगी बोटी मोठ्या नि एसी असतात, नीलला तास-दीड तासात नेतात, पण काचा बंद असल्यामुळे आत बसून जास्त मळमळतं असं माझं मत. सरकारी बोट हळू, दोन तास, पण डेकवर उभं राहता येतं, वारा लागतो, क्षितिजावर नजर ठेवली की पोट जागेवर राहतं. डॉक्टरांना विचारून गोळी अर्धा तास आधी द्या, तोंडात आवळा सुपारी, आणि सकाळची बोट घ्या. जेट्टीवर चढता-उतरताना बोट हलत असते, खलाशी हात धरतात, आईला सांगा लाजू नका, घट्ट धरा.

नीलला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्याच्यापुढचं काही लागलं तर पोर्ट ब्लेअरच, म्हणजे मध्ये समुद्र. त्यामुळे रोजची औषधं चार दिवसांची जास्त न्या. बाकी वयस्कर माणसांना छोटं बेट आपल्यापेक्षा जास्त मानवतं, त्यांना कुठे पळायचं नसतं. झाडाखाली खुर्ची, समोर पाणी, हातात शहाळं, आणि बाजारात जाऊन भाजीचा भाव विचारायचा. तुमची आई दोन दिवसांत तुमच्यापेक्षा जास्त ओळखी करून बसेल.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. बेटावर माशाशिवाय काही मिळतं का? (एक वाचिका, सोलापूर)

ताई, नीलला अंदमानचं भाजीचं कोठार म्हणतात! बेट बहुतेक सपाट, माती चांगली, मधोमध भाताची खाचरं, भाज्यांचे वाफे, केळी, सुपारी, नारळ. दुपारच्या बोटीला भाजीच्या पाट्या चढताना दिसतात, पोर्ट ब्लेअरच्या बाजारात तीच विकली जाते. तुम्ही खाल ते वांगं सकाळपर्यंत झाडावर असतं.

हे शेत कुणी केलं ते ऐकण्यासारखं आहे. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून जे बंगाली निर्वासित आले त्यातल्या काही कुटुंबांना सरकारने 1960 च्या दशकात इथे आणून वसवलं. तेव्हा इथे नुसतं जंगल. आमच्या होमस्टेच्या बौदी (बंगालीत वहिनीला बौदी म्हणतात, तिथे सगळे तसंच म्हणतात तर मी पण म्हणायला लागले) सांगत होत्या की त्यांचे सासरे आले तेव्हा आधी झाडं तोडली, मग झोपडी बांधली, मग पहिलं पीक लावलं आणि ते उंदरांनी खाल्लं. गावांची नावं रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. घरदार सोडून समुद्रापार आलेल्या माणसांच्या गावांना वनवासातली नावं, मला ते फार लागलं.

बेटाच्या नावाचं मात्र उलटं आहे. नील म्हणजे कुणाला रामायणातला नील वाटतो, कुणाला निळा रंग, पण ते नाव 1857 चा उठाव चिरडणाऱ्या जेम्स नील या इंग्रज अधिकाऱ्याचं, आणि हॅवलॉक तसंच हेन्री हॅवलॉकचं. 30 डिसेंबर 1943 ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला त्याला 75 वर्षं झाली तेव्हा, 2018 मध्ये, नीलचं शहीद द्वीप आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप केलं. तिकीट काढताना ही नावं डोक्यात ठेवा, नाहीतर आमच्यासारखे काउंटरवर "नील कुठेय यात" म्हणत बसाल.

जेवणाचं म्हणाल तर फुलकोबी, भोपळा, पडवळ, वांग्याचे काप, डाळ, भात. फक्त मोहरीचं तेल चालत नसेल तर आधीच सांगा, पहिल्याच घासाला नाकात जातं. पोळीची अपेक्षा ठेवू नका, मिळाली तर बोनस. आणि सोलापूरकरांनी शेंगदाण्याची चटणी बरोबर न्यावी हे मी सांगायला नकोच. आमची लसणाची चटणी तिसऱ्या दिवशी बौदींनी पळवली, बदल्यात आम्हाला नारळाच्या वड्या.

प्रश्न : मुलाने किनाऱ्यावर गोळा केलेले शंख विमानतळावर काढून घेतले, तो खूप रडला. पडलेले शंख उचलले तर काय बिघडतं? (एक वाचिका, छत्रपती संभाजीनगर)

रडणारच हो बिचारा. पण नियम बरोबर आहे. प्रवाळाला वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे, बऱ्याच शंखांनाही, मेलेला तुकडा असला तरी. विकत घेतलेलं असेल तर पावती लागते. बॅग स्कॅनमधून जाते तेव्हा शंख लगेच दिसतो, मग वादावादी करून उपयोग नाही.

मुलाला एक सांगा. पडलेला शंख रिकामा असला तरी तो कुणाचं तरी होऊ घातलेलं घर असतं. रात्री जेवण झाल्यावर टॉर्च घेऊन वाळूवर गेलं की शंख चालताना दिसतात, दहा-बारा एकदम, आत खेकडे. त्यांचं मागचं अंग मऊ असतं, त्याला कवच नसतं, म्हणून ते शंखात शिरून राहतात आणि वाढले की मोठा शंख शोधतात, आपण मुलांचे बूट बदलतो तसं. आम्ही एकाला बघितलं, रिकाम्या शंखाजवळ आला, आत पाय घालून बघितलं, फिरवला, परत बघितलं, मग एका झटक्यात जुन्यातून निघून नव्यात. निघाला तो एक क्षण इतका उघडा आणि गुलाबी दिसला की मी टॉर्च बाजूला केला. आणि त्याच किनाऱ्यावर एक खेकडा प्लास्टिकच्या बाटलीचं लाल झाकण पाठीवर घेऊन फिरत होता. फोटो आहे माझ्याकडे, छापायला दिला होता, जागा नाही म्हणाले.

प्रश्न : पोहायला भीती वाटत नाही? तिथे मगरी असतात म्हणे. (एक वाचक, अकोला)

असतात. खाऱ्या पाण्यातल्या मगरी, राहतात खाडीत, कांदळवनात, पण समुद्रातूनही ये-जा करतात. 2010 मध्ये हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याजवळ स्नॉर्कलिंग करताना एका अमेरिकन तरुणीचा त्यात जीव गेला. तेव्हापासून पाट्या, जाळ्या, जीवरक्षक वाढले. पाटी असेल तिथे उतरायचं नाही, खाडीच्या तोंडाशी, कांदळवनाजवळ नाही, अंधार पडल्यावर कुठेच नाही. लोक जिथे पोहतात तिथेच पोहा. "आपल्याला काय होतंय" हा मराठी बाणा अकोल्यातच ठेवून या.

प्रश्न : अंदमान, लक्षद्वीप की मालदीव? नवीन लग्न झालंय, बजेट मध्यम, दोघांनाही गर्दी नको. (एक वाचक, मुंबई)

अभिनंदन! तिन्ही बेटं असली तरी जात वेगळी. लक्षद्वीप आणि मालदीव म्हणजे शाळेत वाचलेली कंकणाकृती प्रवाळबेटं, सपाट, नारळ आणि वाळू, आणि किनाऱ्याला लागून उथळ शांत पाणी. अंदमान म्हणजे समुद्रात बुडालेल्या डोंगररांगेची वर आलेली टोकं, त्यामुळे जंगल आहे, चढ आहेत, पाऊस आहे.

लक्षद्वीप मला मनापासून आवडतं. 36 बेटं, त्यातल्या दहावर वस्ती, सगळी मिळून जमीन फक्त 32 चौरस किलोमीटर. पण भारतीयांनाही परवाना लागतो, कोचीहून अगत्तीचं विमान किंवा जहाज, राहायच्या जागा मोजक्या, आणि बंगारम सोडलं तर दारू नाही. पाच-सहा महिने आधी ठरवणाऱ्या जोडप्यांचं ते ठिकाण आहे. मालदीवला एक बेट एक रिसॉर्ट, सुंदर आहे, पण त्या रिसॉर्टच्या बाहेर जगच नाही, पाण्याच्या बाटलीपासून सगळं त्यांच्या भावाने. तिथल्या लोकांच्या वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस असतात, ते स्वस्त पडतं, तिथे कपड्यांचे आणि दारूचे नियम पाळावे लागतात. विमानतळावरून बेटापर्यंतच्या स्पीडबोटीचं भाडं आधी विचारा, तिथेच बजेट बुडतं.

तुमच्या मध्यम बजेटला नीलच. खरं तर लग्नाआधीच जायला हवं होतं, चार दिवस काही न करता एकमेकांबरोबर बसता येतं का ते कळलं असतं.

प्रश्न : नवऱ्याला सुट्टीतही रोज दोन तास लॅपटॉप लागतो. नेट चालतं का? (नाव नको, ठाणे जिल्हा)

2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉकला त्याचा फायदा झाला. नीलला मात्र नेट मूड असेल तसं. नवऱ्याला हे आधी सांगू नका.

प्रश्न : सहा दिवस ठरवून राहिलात की अडकलात? खरं सांगा. (एक वाचक, रत्नागिरी)

रत्नागिरीकरांपासून काही लपत नाही. पाच ठरवले होते.

सहाव्या दिवशी सकाळी बॅगा भरून, चप्पल घालून, बिल देऊन जेट्टीवर गेलो तर हवा खराब, बोट रद्द. कंपनीचं नाव घेत नाही पण मेसेज सकाळी नऊला आला, बोट होती साडेआठची. दुसऱ्या दिवशी पोर्ट ब्लेअरहून आमचं विमान. (म्हणून सांगते, विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच राहायचं हे ठीक, पण त्याच्याही आधी एक दिवस मोकळा ठेवा.) सरकारी बोटीच्या खिडकीवर रांग लावली, उद्या पहाटेची दोन तिकिटं मिळाली, विमान दुपारचं होतं म्हणून निभावलं.

परत होमस्टेवर गेलो तर बौदींना काहीच आश्चर्य नाही, खोली झाडून तशीच ठेवली होती. म्हणाल्या, आसमान देखके मुझे सुबहही पता था. मग आधी सांगितलं का नाही म्हटलं तर हसल्या. दुपारभर पाऊस. पत्र्यावर इतका आवाज की बोलताच येईना, म्हणून आम्ही ओसरीत बसून त्यांच्याबरोबर शेवग्याचा पाला निवडला, मोठी पाटीभर होता. नवरा, जो पहिल्या दिवशी परतीची बोट शोधत होता, तो चार वाजता म्हणाला, उद्याची पण रद्द झाली तर?

झाली नाही. वेळेवर सुटली.